गेस्ट हाऊसचे पासपोर्ट क्लाऊडवर, आता काय करू?

कळंगुटकर: आमचं १२ खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे, फॉरेनर पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाईन द्यावी लागते (पूर्वीपासूनचा सी फॉर्म) म्हणून पासपोर्ट स्कॅन करून क्लाऊडवर टाकतो. काल बघितलं तर त्या फोल्डरची लिंक कोणालाही उघडत होती, दोन सीझनचे पासपोर्ट! झोप उडालीय. सगळं परत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणू का?

फोंड्याची ताई: नको हो दादा, पावसात लाईट गेली नि डिस्क उडाली की तेही जाईल. क्लाऊडचे सर्व्हर ती कंपनी सांभाळते, पण कोणाला काय दिसावं ते आपणच बघायचं असतं. लिंक आत्ताच बंद करा, टू-स्टेप (पासवर्डनंतर मोबाईलवर दुसरी खात्री) लावा, आणि सोडून गेलेल्या पोरांचे लॉगिन काढले का? आमच्याकडे जुन्या मॅनेजरचं खातं ८ महिने चालू होतं.

पणजी आयटीवाला: फोल्डर कोणी उघडला ती हिस्ट्री बघा, पण लिंकवरून अनोळखी माणसाने उघडलं तर नाव दिसेलच असं नाही. डेटा बाहेर गेल्याचं कळलं तर ६ तासांत सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) कळवायचं, २०२२ चा नियम आहे. आणि नुसतं सिंक (कॉम्प्युटरवरचा बदल आपोआप क्लाऊडवर जाणं) म्हणजे बॅकअप नव्हे, रॅन्समवेअरने (फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) लॉक केलेली फाईल तशीच वर जाते.

कळंगुटकर: लिंक बंद केली. ५ जुनी लॉगिन निघाली, काढतोय.