अनुभव धागा: 'माझं हित' विरुद्ध 'सगळ्यांचं हित'

'मला काय फायदा?' आणि 'सगळ्यांचं भलं कशात?' या दोन प्रश्नांची गल्लत झाली की वाद चिघळतो, असं माझं निरीक्षण. तुम्ही ऐकलेले, घातलेले असे वाद लिहा. सिद्धांत कमी, किस्से जास्त.

तळमजला: इमारतीत लिफ्ट बसवायची होती. मी म्हणालो, "मी वापरणार नाही, मी का भरू?" वरचे म्हणाले, "तुमच्याही घराची किंमत वाढेल." म्हणजे समाजहित पटवायलाही माझाच फायदा दाखवावा लागला! त्यावर चौथ्या मजल्यावरच्या आजी खवळल्या, "किंमत राहू दे रे, मी शेवटची खाली कधी उतरले ते विचार." मग मजल्यानुसार चढता दर ठरला. मी सगळ्यात कमी भरतो, पण भरतो.

रात्रपाळी: मी नर्स आहे. लसीकरणाच्या वेळी नेहमीचा प्रश्न: "बाकी मुलांनी घेतलीय ना, मग आमच्या एकट्याने काय बिघडतंय?" एकट्यापुरता हिशेब बरोबरच आहे, वैताग त्याचाच येतो. गोवर रोखायला साधारण ९५ टक्के लोकांत प्रतिकारशक्ती लागते. उरलेली जागा तान्ही बाळं, केमोथेरपी घेणारे अशांची, ज्यांना ही लस देताच येत नाही. एका बाबांना हे सगळं सांगितलं, ढिम्म. "गोवरातून न्यूमोनिया होऊ शकतो, तुमच्या बाळालाही" म्हटल्यावर मात्र लगेच बाळ पुढे केलं.

तिरकस: सज्ञान माणसावर सक्ती करायची तर दुसऱ्याला होणारी इजा टाळण्यासाठीच, त्याच्या भल्यासाठी नव्हे, असं इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये मांडलं. माझा मित्र मिल न वाचता तेच म्हणतो: "डोकं माझं, हेल्मेटचं मी बघेन." मी म्हटलं, उपचाराचा खर्च सगळ्यांवर पडतो. तो म्हणाला, "मग गिर्यारोहणही बंद करा." अजून उत्तर सुचलेलं नाही.

धागाकर्ती: तिरकस, खर्चाची ढाल पुढे केली की कशावरही बंदी घालता येते. मी ती वापरत नाही.

सूक्ष्मदर्शी: जो तो आपला फायदा बघतो, म्हणून सामाईक गोष्टीची वाट लागणारच, हा पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिनचा १९६८ चा युक्तिवाद आमच्या सरांचा लाडका. म्हणून प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपला कुलूप. मी एलिनॉर ऑस्ट्रॉम पुढे केली (अर्थशास्त्राचं नोबेल, २००९): वापरणारेच नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात, तिथे सामाईक गोष्टी टिकतात. सर म्हणाले, "करून दाखवा." आम्ही वही ठेवली, भिंगं न पुसता गेला, त्याने आठवडाभर सगळ्यांची पुसायची. पहिला आठवडा सरांच्याच वाट्याला आला.