हिरड्या, दात आणि बाकीचं शरीर : सांगली-साताऱ्याकडचे अनुभव लिहा

साखरेच्या डॉक्टरांपुढे आपण हिरड्यांचा विषय काढत नाही आणि दातांच्या डॉक्टरांपुढे साखरेचा. दोन्हीकडे दोन्ही सांगायला हवं, म्हणून हा धागा. घरात काय घडलं ते लिहा.

आमच्या तासगावच्या सासूबाईंचं आधी सांगते. पहाटे उठलं की तव्यावर भाजलेली तंबाखूची मिश्री, मग चहा. गोळ्या वाढवल्या, भात बंद केला, तरी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) नऊच्या खाली येईना. पुढचे दात हलायला लागले तेव्हा मिरजेला दाखवलं. हिरडी दाबली की पू यायचा. डॉक्टरांनी समजावलं, असा संसर्ग मुरला की इन्सुलिन नीट लागू पडत नाही आणि साखर चढली की हिरडी भरून येत नाही. हिरड्यांखालची खोल सफाई केली, मिश्री सुटली. गोळ्या त्याच ठेवून पुढच्या तपासणीत आकडा साडेआठ आला. औषध सुटलेलं नाही, पण दोन घास नीट चावून जेवतात.

कराडहून : माझ्या भावाची हृदयाची झडप बदललेली आहे. दाढ काढायच्या आधी ते सांगितलं म्हणून बरं. दाढ काढताना तोंडातले जंतू रक्तात जातात आणि कृत्रिम झडपेवर बसू शकतात. त्याला तासभर आधी अँटिबायोटिक दिलं, मगच दाढ काढली.

विट्याहून : गुटखाबंदी २०१२ सालची, पण सुपारी-तंबाखूचा मावा टपरीवर मळून मिळतोच. मी कॉलेजपासून खायचो. आता तोंड पूर्ण उघडत नाही, दोनच बोटं जातात, झणझणीत रस्सा जिभेला लावता येत नाही, भाकरी दुधात कुस्करून खातो. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनंही हे होतं आणि पुढे कॅन्सरची भीती राहते. पोरांनो, सोडा रे.

वाईहून : गरोदरपणात ब्रश करताना रक्त यायचं. सासरी म्हणाले, ब्रश बंद कर. डॉक्टर म्हणाल्या, मऊ ब्रशनं घासायचं थांबवू नकोस, आणि चौथ्या महिन्यानंतर सफाई करून घेतली.

कोरेगावहून : आमचे आबा दात गेल्यावर लग्नाच्या पंगतीला जाईनात, पारावर बसेनात. वजनही उतरलं. कवळी बसवल्यावर पुन्हा गप्पांना जातात. ताई, कवळी रात्री काढायची का?

हो दादा, काढून घासून पाण्यात ठेवायची. रात्रभर तोंडात राहिली तर खाली बुरशी होते. आबांना साखर असेल तर जास्तच जपा.