एक नंबर मोठा घेण्याआधी रुंदी पाहावी

चवडा आवळत असेल तर सरळ एक नंबर मोठा बूट घ्यावा, हा नेहमी सुचवला जाणारा उपाय मला अपुरा वाटतो. आपल्याकडे रूढ असलेल्या ब्रिटिश मापात एका नंबराने लांबी सुमारे ८.५ मिलिमीटरने वाढते, रुंदी मात्र त्या मानाने थोडीच वाढते. त्यामुळे रुंद पावलाच्या माणसाला मोठा नंबरही करंगळीपाशी चावतो, शिवाय टाच सैल होऊन चालताना वरखाली घसरते. अशा वेळी त्याच नंबरातील 'वाइड' जोड मागावा. (पुष्कळ दुकानांत तो नसतोच, ही गोष्ट वेगळी.)

रुंदीची खात्री करण्यासाठी बुटातील सुटा इनसोल (तळव्याखालची आतली गादी) बाहेर काढून त्यावर उभे राहावे. पाऊल त्याच्या कडेबाहेर जात असेल, तर तो बूट दिसायला कितीही देखणा असला तरी परत द्यावा. माप संध्याकाळी, नेहमीचे मोजे घालून घ्यावे, कारण दिवसभरात पावले थोडी सुजतात, आणि दोन पावलांपैकी मोठ्या पावलाला बसेल तोच जोड निवडावा. 'वापरून सैल होईल' हे विक्रेत्याचे आश्वासन कोल्हापुरी चपलेच्या चामड्याबाबत बऱ्याच अंशी खरे ठरते, धावण्याच्या बुटांच्या कृत्रिम कापडाबाबत सहसा नाही. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेल्यांनी तर 'बरा वाटतो' यावर मुळीच विसंबू नये, दरवेळी मोजूनच घ्यावा.