नुसतं विशेषाधिकार म्हणून भागतं का?
प्रिव्हिलेज या इंग्रजी शब्दाला मराठीत सरळ विशेषाधिकार म्हणा, असं सुचवतात, ते विधानसभेत ठीक आहे हो, तिथला हक्कभंग म्हणजे विशेषाधिकाराचाच भंग, आणि संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले तेही कागदावरचे विशेषाधिकारच. पण रोजच्या बोलण्यातलं प्रिव्हिलेज कागदावर कुठे असतं? दहावीला मला वेगळी खोली, टेबल, अडलं तर गणित समजावणारे बाबा, आणि माझ्या बाकावरची मैत्रीण पाण्याचे हंडे भरून, भाकऱ्या थापून मग ओट्यापाशीच वही उघडायची. मार्क दोघींना जवळपास सारखेच पडले, कौतुक मात्र माझ्या मेहनतीचं! आता याला अधिकार कसं म्हणणार, मी मागितलाच नव्हता. आजी 'आयतं ताट' म्हणायची, मला तेच जास्त जवळचं वाटतं. (बाकी ऑफिसातली पीएल पण प्रिव्हिलेज लीव्हच बरं का, साहेबांनी मंजूर केली तर.)