अनुभव धागा : दीर्घकालीन थकवा आणि संथ जठर

क्रॉनिक फटीग सिंड्रोम असलेल्यांनी आपल्या पोटाविषयी लिहावे, असे आवाहन करताना सुरुवात माझ्यापासूनच करते. चार घासांत पोट गच्च व्हायचे, दुपारच्या भाकरीचे करपट ढेकर रात्री यायचे आणि हे पित्तच आहे अशा समजुतीने मी सहा वर्षे गोळ्या घेतल्या. दुर्बिणीच्या तपासणीत बारा तास उपाशी असूनही जठरात आदल्या रात्रीची शिते दिसली, तेव्हा कुठे पुढची चाचणी झाली. तीत किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळलेले अन्न खायला देऊन ठरावीक अंतराने प्रतिमा घेतात आणि चार तासांनी १० टक्क्यांहून अधिक अन्न उरले, तर जठर संथ मानतात. माझे २८ टक्के उरले होते.

नाशिकहून एक शिक्षिका :
माझी चाचणी निर्दोष आली, तरी पेलाभर पाणीही पोटात डुचमळत राहते. पुढे वाचनात आले की, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलियातील ३२ रुग्णांच्या अभ्यासात घन अन्नापेक्षा द्रवाचा विलंब अधिक जणांत आढळला होता. माझ्या चाचणीत द्रव मोजलेच नव्हते!

कोल्हापूरहून :
अंगदुखी आणि झोपेसाठी मला अमिट्रिप्टिलीन सुरू होते. हे औषध जठराची हालचाल मंदावू शकते, हे मला दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले. त्यांच्या देखरेखीखाली मात्रा उतरवल्यावर मळमळ निम्म्यावर आली, झोप मात्र पुन्हा बिघडली.

ठाण्याहून, रुग्णाचे पती :
पत्नीचे पोट तिच्या श्रमांचा हिशेब ठेवते, असे आता मला वाटते. भाच्याच्या मुंजीला ती जेमतेम दोन तास बसली. थकवा दुसऱ्या दिवशी उसळला आणि त्यानंतरचे तीन दिवस तिला मूगडाळीच्या कढणापलीकडे काही सोसले नाही. आम्ही मात्र अंगात ताकद यावी म्हणून मोड आलेली मटकी, पालेभाज्या आणि वर तुपाची धार असा आग्रह करत होतो. चोथा आणि स्निग्धांश दोन्ही जठर रिकामे व्हायला वेळ लावतात, हे आहारतज्ज्ञांनी समजावल्यावर माझ्या आईला फार वाईट वाटले. आता तीच दुधी शिजवून, मिक्सरमधून काढून, दिवसातून पाच वेळा वाटीवाटीने देते, आणि वाटी अर्धी परत आली तर कारण विचारत नाही.