नुसत्या विटांसाठी नाही
कंपन्या जुने कारखाने फक्त उघड्या विटांच्या दिखाव्यासाठी घेतात, असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. न्यूयॉर्कमधली १११, एट्थ अ‍ॅव्हेन्यू बघा. ही इमारत १९३२ साली मालवाहतुकीसाठी बांधलेली. ट्रक चक्क लिफ्टने वरच्या मजल्यांवर जायचे. तेवढं वजन पेलणाऱ्या मजल्यांवर पुढे दूरसंचार कंपन्यांची अवजड यंत्रं आरामात बसली, इंटरनेटच्या फायबर-केबलचं जाळं तिथे गोळा झालं. २०१० मध्ये गूगलने अख्खी इमारत घेतली, ती काय विटांवर भाळून?

खरा घोळ पुढचा. २०१८ मध्ये समोरचं चेल्सी मार्केटही (म्हणजे नाबिस्कोचा जुना बिस्किट कारखाना) २.४ अब्ज डॉलरला गूगलनेच घेतलं. एकाच मालकाने असा परिसर व्यापला की आसपासची भाडी त्याच्याकडच्या पगारांच्या हिशेबाने चढतात. अशा जुन्या इमारतींत ऑफिसं करायची परवानगी देतानाच काही मजले छोट्या वर्कशॉपवाल्यांसाठी राखून ठेवायची अट हवी.