मदत हवी आहे: क्वॉड लिबेटमध्ये प्रत्येक ध्वनिमुद्रणाची पट्टी आपोआप बदलायची आहे

मंद्रसप्तक

लिनक्स मिंटवर क्वॉड लिबेट हा गाणी वाजवणारा प्लेअर वापरते. रियाजाचं सगळं सामान त्यातच आहे: बाईंच्या शिकवणीची मुद्रणं, शिवाय जुन्या कॅसेटींवरून उतरवलेल्या मैफली. हाच प्लेअर धरून बसले, कारण यात फाइलला मनाला येईल तो टॅग, म्हणजे माहितीची चिठ्ठी, लावता येतो. राग, ताल, बंदिशीचा मुखडा असे टॅग केलेत. डावीकडे यमन निवडला, मग विलंबित एकताल निवडला, की तेवढंच समोर येतं. टॅगचं नाव रोमन लिपीत ठेवावं लागतं, पण आतला मजकूर देवनागरीत बिनदिक्कत चालतो.

अडचण पट्टीची आहे. बाई काळी चारमध्ये गातात, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा; माझा आवाज मुळात खालचा, मी काळी तीनमध्ये. सोबत गायचं तर मुद्रण दोन अर्धस्वर खाली आणावं लागतं. त्यासाठी ‘ऑडिओ पिच / स्पीड’ हे प्लगिन (प्लेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) आहेच, पण ते अर्धस्वर ओळखत नाही, गुणक मागतं. दोन अर्धस्वर खाली म्हणजे साधारण ०.८९. पुढचं मुद्रण काळी पाचचं असलं की पुन्हा स्लायडर ओढा, ०.७९ वर न्या. तानपुरा सुरू, मांडी घातलेली, आणि हात माउसवर!

म्हणून त्याच्याच शेजारी एक छोटं प्लगिन लिहिलं. गाणं सुरू झालं की ते पट्टीचा टॅग वाचतं, गुणक काढतं, पिचवाल्या प्लगिनच्या सेटिंगमध्ये लिहितं आणि त्याला अपडेट व्हायला सांगतं. पायथॉन जेमतेम येतं, तरी चाललं. पण एक मुद्रण संपून दुसरं आपोआप लागलं की सुरुवातीचा आलाप जुन्याच गुणकावर वाजतो आणि मग षड्ज एकदम घसरतो. टॅग नसलेलं नाट्यगीत लागलं तर तेही खालच्या पट्टीत वाजतं. आणि चार अर्धस्वर खाली नेलं की तबल्याचा ‘ना’ दोनदा पडल्यासारखा ऐकू येतो. यातलं काय माझ्या हातात आहे?

टर्मिनलवाला

टॅग नसलेल्या गाण्याचं सोपं आहे. तुमचा कोड टॅग सापडला तरच आकडा लिहीत असणार. टॅग नसेल तर १.० लिहा आणि अपडेट करा, म्हणजे मागचा गुणक चिकटून राहणार नाही. प्लगिन बंद करतानाही हेच करा, कारण तो आकडा कॉन्फिग फाइलमध्ये जातो आणि प्लेअर पुन्हा उघडला तरी तसाच असतो.

षड्ज घसरतो त्याबद्दल माझा संशय गॅपलेसवर, म्हणजे दोन गाण्यांमध्ये खंड न पडू देणाऱ्या सोयीवर आहे. पुढची फाइल आधीची संपण्यापूर्वीच पाइपलाइनमध्ये शिरते. तुमच्या प्लगिनला निरोप मिळेपर्यंत तिचा थोडा आवाज जुन्या गुणकाने पुढे गेलेला असतो. प्रेफरन्सेसमध्ये प्लेबॅकखाली गॅपलेस बंद करायची सोय आहे, तिथेच बफरची, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या आवाजाची, लांबीही आहे. आधी फक्त गॅपलेस बंद करून ऐका. दोन्ही एकदम बदललंत तर नेमकं कशाने सुटलं ते कळणार नाही.

आणि प्लेअर टर्मिनलमधून ‘डीबग’ पर्याय लावून सुरू करत जा. प्लगिनमध्ये स्पेलिंग चुकलं तरी तिथे ओळ नंबरासकट दिसतं.

रीळवेडा

ताई, कॅसेटवरून उतरवलेल्या मुद्रणांना पिच लावू नका, रेट लावा. त्याच प्लगिनमध्ये पिच, टेम्पो आणि रेट असे तीन वेगळे आकडे आहेत. पिच फक्त सूर हलवतं, टेम्पो फक्त लय, आणि रेट दोन्ही एकदम. कॅसेटचं यंत्र जोरात पळालं असेल तर सूर चढतो आणि लयही वाढते, म्हणजे बिघाड रेटचाच. मुद्रण ३० सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढं असेल तर रेट साधारण ०.९८३ ठेवा, दोन्ही जागेवर येतात. मग उरलेला फरक पट्टीचा, तो पिचने काढा.

बऱ्याच लोकांच्या संग्रहात ‘काळी एक आणि पांढरी दोनच्या मधली’ मैफल असते. दर वेळी गवयाने तशी पट्टी लावलेली नसते हो, टेपरेकॉर्डरनेही लावलेली असते.

टर्मिनलवाला

रीळवेडांचं पटलं. मग टॅग दोन हवेत, एक पट्टीचा आणि एक टेपच्या दुरुस्तीचा.

तबल्याचा दुहेरी ‘ना’ मात्र तुमच्या कोडने जाणार नाही. पिचचं काम आतून साउंडटच लायब्ररी करते. ती आवाजाचे बारीक तुकडे करून एकमेकांवर चढवत जोडते. लांब स्वराला ते खपून जातं, पण थाप तुकड्याच्या सांध्यावर आली की दोनदा ऐकू येते. मोठा फरक असलेल्या मोजक्या मुद्रणांसाठी रबरबँड हे कमांड लाइनचं साधन वापरून वेगळी फाइलच करून ठेवा. त्यात थेट अर्धस्वर देता येतात, उणे चार म्हणजे उणे चार.

मंद्रसप्तक

गॅपलेस बंद केल्याबरोबर घसरण गेली! बफरला हातही लावला नाही. रियाजाला गॅपलेसचं कौतुक नाहीच. १.० चंही केलं.

आता प्रश्न टॅगच्या मजकुराचा. मी ‘काळी चार’ असं लिहिलंय, काही ठिकाणी ‘काळी ४’. दोन्ही ओळखायला लावू का?

टर्मिनलवाला

नको. टॅगमध्ये आकडाच ठेवा. पांढरी एक शून्य धरली तर काळी एक १, काळी दोन ३, पांढरी चार ५, काळी तीन ६, पांढरी पाच ७, काळी चार ८, काळी पाच १०. तुमच्या आकड्यातून मुद्रणाचा वजा करा, १२ ने भागा, येईल तो २ चा घात. काळी एकचं मुद्रण मात्र तुम्हाला पाच अर्धस्वर वर न्यावं लागेल, गुणक १.३३. बुवांचा आवाज कार्टूनसारखा होईल, तेव्हा मर्यादा घाला: चारपेक्षा जास्त फरक असेल तर हात लावू नये.

तुमची स्वतःची पट्टी कोडमध्ये कोरू नका, प्लगिनच्या सेटिंगमध्ये एक खाना द्या. मग हे मूळ प्रकल्पाकडे पाठवण्याजोगं होईल. सगळ्यांना काळी-पांढरी कळणार नाही, पण अर्धस्वर कुणालाही कळतात.

तोडीवाले

एक राहिलं. एमपीथ्री असतील तर क्वॉड लिबेट असे घरगुती टॅग स्वतःच्या नावाचा उपसर्ग लावून लिहितं, त्यामुळे फोनवरच्या प्लेअरला राग-ताल दिसतीलच असं नाही. फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात ही भानगड नाही. कॅसेटी अजून उतरवायच्या असतील तर फ्लॅकमध्येच उतरवा.

आणि फाइल तयार झाली की इथे टाका. माझी पांढरी पाच, खाना रिकामाच ठेवा.